ईदच्या दस्तरखानावरचा आलू

जुन्या नाशकातल्या आमच्या घरात एकाच वस्तूला दोन नावे होती. दारावर आलेल्या भाजीवाल्याला अम्मी विचारायची, "बटाटा कसा दिला?" आणि तोच बटाटा पिशवीतून चुलीजवळ पोहोचला की त्याचा आलू व्हायचा. "आलू छिल के रख," असा हुकूम मोठ्या आपाला सुटायचा. बाजारात बटाटा, घरात आलू. उंबरठा ओलांडला की भाषा बदलायची आणि भाजीचे नावही बदलायचे. शाळेत गुरुजींनी एकदा भाज्यांची नावे लिहायला सांगितली, तेव्हा मी बटाटा आणि आलू ही दोन्ही नावे वेगवेगळ्या ओळींवर लिहिली होती. गुरुजी हसले. त्यांनी एकही नाव खोडले नाही, दोन्हींना मिळून एक कंस घातला.

या आलूविषयी इतक्या वर्षांनी लिहायला बसलो, त्याला कारण १९७२ ची रमजान ईद. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. दुष्काळाचे वर्ष होते. रेशनवर मिलो नावाची अमेरिकेची तांबडी ज्वारी मिळायची आणि गावोगावची माणसे खडी फोडायच्या कामावर जायची. अब्बांचे भद्रकालीत शिलाईचे छोटे दुकान होते. त्यांची गिऱ्हाइके बहुतेक आसपासच्या खेड्यांतली. शेतात पिकले नाही तर अंगावर नवे कापड कुठून येणार? त्या रमजानमध्ये अब्बांचे मशीन बहुतेक बंदच होते.

तरीही ईद ती ईद. बासी ईदच्या रात्री अब्बांच्या बहिणीकडची मंडळी जेवायला येण्याचा रिवाज होता. ते लोक आमच्यापेक्षा बरेच सुखवस्तू. अम्मीने अर्धा किलो खिमा आणला होता आणि खाणारी तोंडे सतरा होती. तिने आलू उकडले, कुस्करले, त्यात तो खिमा मिसळला, आले-लसूण, पुदिना घातला आणि हातावर थापून परातभर कबाब केले. दस्तरखानावर फूफूंनी कबाबाचे कौतुक केले. अम्मी म्हणाली, "खीमे के हैं." मी शेजारीच बसलो होतो. आपली माहिती किती पक्की आहे हे दाखवायची मला घाई. मी म्हणालो, "नै फूफू, इसमें खीमा थोडाच है. आलूच आलू है."

कोणी काही बोलले नाही. फूफूंनी पटकन दुसरा विषय काढला. अम्मी मला रागावली नाही, मारले नाही. रात्री उशिरापर्यंत ती अंगणात भांडी घासत राहिली, एवढे आठवते. त्यानंतर कितीतरी वर्षे आमच्या घरी पाहुण्यांसमोर आलूचे कबाब आले नाहीत. घरातल्या घरात, दार लावून खायची ती वस्तू झाली.

मागच्या ईदला हा जुना काटा पुन्हा टोचला. बासी ईदच्या जेवणाला यंदा आलूचेच चार-पाच प्रकार करावेत असे सूनबाईच्या मनात आले. माझ्या पत्नीने लगेच नकार दिला. "लोग क्या बोलेंगे? गोश्त नहीं मिला क्या?" सुनेने माझ्याकडे पाहिले. मला उत्तर सुचेना. मास्तरकी केलेला माणूस मी, उत्तर सुचले नाही की पुस्तके काढतो. त्या वाचनातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे.

पहिली गोष्ट अशी की हा बटाटा मुळात आपल्या मुलखातला नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या उंच पठारांवर, सुमारे सात-आठ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी त्याला शेतीत आणले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो मुलूख जिंकला आणि त्यांच्या जहाजांतून बटाटा युरोपात पोहोचला. 'बटाटा' हा शब्दही असाच समुद्रावरून आलेला. कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. स्पॅनिश-पोर्तुगीज खलाशांनी तो शब्द उचलला, तो कधी रताळ्याला तर कधी बटाट्याला लावला, आणि पोर्तुगीजांकडून तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला. मराठीत 'पाव' आला तोही पोर्तुगीजांकडूनच. म्हणजे ज्याला आपण अस्सल मऱ्हाटी खाणे समजतो त्या वडापावातले बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द लिस्बनच्या भाषेतले आहेत. त्यातली मिरचीसुद्धा अमेरिकेतूनच आलेली.

'आलू' या शब्दाची गंमत वेगळी आहे. संस्कृतात 'आलु', 'आलुक' हे शब्द खाण्याजोग्या कंदांसाठी होते. रताळू, पिंडाळू या नावांत ते अजून शिल्लक आहेत. नवा कंद आला तेव्हा उत्तरेकडच्या लोकांनी हे जुने नाव त्याला देऊन टाकले. फारसीत मात्र 'आलू' म्हणजे एक फळ. आपल्या बिर्याणीत आलूबुखारा पडतो, त्याचा अर्थ बुखाऱ्याचा आलू. तिथे बटाट्याचा काही संबंध नाही. फारसीत बटाट्याला 'सीब-जमिनी' म्हणतात, जमिनीतले सफरचंद. फ्रेंच लोकही त्याला नेमके तेच म्हणतात.

मोगलांच्या मुदपाकखान्यात आलू होता का, हा माझा पुढचा प्रश्न. आपल्याकडे कोणताही चांगला पदार्थ दिसला की तो 'मोगलाई' ठरवायची हौस असते. अकबराच्या काळचा 'आईन-ए-अकबरी' हा ग्रंथ भाज्यांची, फळांची आणि त्यांच्या भावांची यादी देतो. त्यात कंदमुळे आहेत, पण आजचा बटाटा नाही. जहांगीरच्या दरबारात १६१५ ते १६१९ या काळात इंग्रजांचा वकील म्हणून सर टॉमस रो होता. नूरजहाँचा भाऊ आसफखान याने त्याला दिलेल्या मेजवानीत 'पोटॅटो' उत्तम शिजवलेले होते, असे रोचा पाद्री एडवर्ड टेरी लिहून गेला आहे. त्यावरून काही लेखकांनी मोगलांच्या ताटात बटाटा वाढून टाकला. पण त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द रताळ्यालाही लावत असत, त्यामुळे आसफखानाच्या ताटात रताळे असण्याचा संभव अधिक. मोगल अमलात आपल्या नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. त्या गुलशनाबादच्या ईदच्या दस्तरखानावर काय काय असेल याची कल्पना करावी, पण त्यात आलू घालू नये.

आलू आपल्या भागात खऱ्या अर्थाने रुजला तो एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांच्या अमलाखाली. इथे मला एक असा माणूस भेटला की ज्याचा धागा इराणपासून सातारा जिल्ह्यापर्यंत जातो. सर जॉन माल्कम हा कंपनीचा वकील म्हणून १८०० पासून तीनदा इराणच्या दरबारी गेला. इराणात बटाटा त्यानेच आणला असे म्हणत, आणि म्हणून तिथे बटाट्याला एके काळी 'आलू-ए-मल्कम' असे नाव पडले होते. हाच माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. महाबळेश्वरचे थंड हवेचे ठाणे त्याच्याच काळात वसले आणि तिथल्या पेठेला माल्कमपेठ म्हणू लागले. तिथे एक तुरुंग होता. मलाया, सिंगापूरकडून शिक्षा होऊन आलेले चिनी कैदी त्यात ठेवले होते. या चिनी कैद्यांनी महाबळेश्वरच्या तांबड्या मातीत बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या. साहेब लोकांच्या टेबलावर जाणारा बटाटा घरापासून हजारो मैल दूर आणलेल्या कैद्यांच्या हातून उगवत होता. पुढे पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर या भागांतल्या शेतकऱ्यांनी त्याची लागवड अंगी लावून घेतली. खेड-मंचरचा बटाटा आजही बाजारात नावाने विकला जातो.

आमचा नाशिक जिल्हा कांद्याचा. लासलगावचा कांदा देशभर आणि देशाबाहेर जातो. 'कांदा-बटाटा' असे जोडीने म्हणतात खरे, पण नाशकात कांदा घरचा आणि बटाटा पाहुणा. आजही आपल्या मंडईत पुण्याकडचा, इंदूरचा, आग्र्याचा, गुजरातचा बटाटा येतो. तो असा सर्वत्र फिरू लागला रेल्वेमुळे. कसाऱ्याचा थळ घाट चढून जाणारा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला आणि नाशिक मुंबईला जोडले गेले. महिनोन् महिने टिकणारे, पोत्यात भरून दूर नेता येणारे हे पीक रेल्वेसाठीच जन्मले होते म्हणा ना.

त्याच सुमारास, १८६० च्या दशकात, देवळालीला इंग्रजी फौजेची छावणी पडली. विलायतेहून आलेले आणि विलायतेला परतणारे गोरे शिपाई इथे जहाजाची वाट पाहत राहत. वाट पाहून पाहून काहींचे डोके फिरे, आणि त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला 'डुलाली' हा शब्द रूढ झाला. या गोऱ्यांना जेवणात उकडून कुस्करलेला बटाटा लागे. दूध, लोणी आणि मीठ घालून तो करायची रीत हॅना ग्लास या बाईने १७४७ च्या आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात छापून ठेवली होती. छावण्यांमधून साहेबांसाठी रांधणारे खानसामे पुष्कळदा मुसलमान असत. माझे पणजोबा देवळालीच्या एका मेसमध्ये असेच स्वयंपाकी होते. नाताळच्या रात्री साहेबांच्या टेबलावर तो मऊ, पांढरा ढीग ठेवायचा आणि वर लोण्याचा खळगा करायचा, हे काम त्यांच्याकडे. आमच्या घरी त्या पदार्थाला 'साहेब का भर्ता' असे नाव होते. आजारी माणसाला आणि दात नसलेल्या म्हाताऱ्यांना तो मिळे. खानसाम्यांनी साहेबाला आपला मसाला शिकवला आणि साहेबाच्या बटाट्यात खिमा भरून, अंड्यात आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळले. त्यातूनच आलूचाप, कटलेट, पॅटिस ही मंडळी जन्मली. इराण्याच्या हॉटेलात, नाताळच्या टेबलावर, रमजानच्या इफ्तारीत, सगळीकडे ती पुढे पसरली.

दुसरा धागा माझ्या आजोळचा, मालेगावचा. १८५७ च्या बंडानंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातून हजारो मोमिन विणकर मागावरचे आपले हुन्नर घेऊन खानदेशाकडे, नाशिककडे आले. कुणी इंग्रजांच्या सूडाच्या भयाने, कुणी दुष्काळाने. बनारस, आझमगढ, मऊ या बाजूची ही माणसे. त्यांनी मालेगावात माग उभारले, आणि त्यांच्याबरोबर पूर्वेकडचा आलूचा भर्ताही आला. नानी तो करायची तो असा: चुलीच्या निखाऱ्यात सालासकट भाजलेला आलू, कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि वरून कच्च्या तेलाची धार. पूर्वेला ते तेल मोहरीचे असते. इथे शेंगदाण्याचे झाले. मागावर बसलेल्या माणसाला एका हाताने, रोटीत गुंडाळून खाता येईल असे ते जेवण. त्याला कोणी ईदचे खाणे म्हणत नव्हते.

तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातला आलू दोन वाटांनी आला होता. एक वाट साहेबाच्या टेबलावरून आणि दुसरी विणकराच्या चुलीवरून. प्रश्न मात्र तसाच होता. ईदच्या दस्तरखानावर त्याला इज्जतीची जागा आहे का?

इथे मला वाजिद अली शाह सापडला, आणि प्रथम मला फार आनंद झाला. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले. हा नवाब लखनौ सोडून कोलकात्याजवळच्या मटियाबुर्ज इथे राहिला आणि १८८७ मध्ये तिथेच वारला. कोलकात्याच्या बिर्याणीत आलू असतो, तो त्याच्या मुदपाकखान्यातून आला असे सांगतात. लोकांमध्ये रूढ असलेली गोष्ट अशी की राज्य गेल्यावर नवाबाची ऐपत राहिली नाही, गोश्त परवडेना, म्हणून बावर्च्यांनी देगेत आलू घातला. नवाबाच्या वंशजांना ही गोष्ट मान्य नाही. नवाबाला वर्षाला बारा लाख रुपये तनखा होता, जनावरांचे संग्रहालय पाळणारा माणूस गोश्त परवडत नाही म्हणून आलू खाईल काय, असे ते विचारतात. त्यांच्या मते आलू तेव्हा नवलाईची चीज होती, चव म्हणून घातली गेली.

हे वाचले तेव्हा मी पत्नीला हाक मारून सांगणार होतो की बघ, आलू नवाबांचा आहे. मग थांबलो. मला जरा लाज वाटली. मी नेमके काय करत होतो? अम्मीच्या कबाबांना इज्जत यावी म्हणून मी लखनौच्या नवाबाची साक्ष काढत होतो. ही खोड आपल्या समाजाची जुनी आहे. आपल्यापैकी किती घराणी आपला शिजरा अरबस्तानात किंवा इराणात नेऊन भिडवतात! कातणारे, विणणारे, शिवणारे, कापणारे, नांगरणारे आपले खरे वाडवडील इथल्याच मातीतले, पण त्यांच्या नावाने मान मिळत नाही अशी समजूत असल्याने आपण दूरचा मोठा माणूस शोधतो. आलूचेही मी तेच केले. त्याला नवाबाच्या घराण्यात दत्तक द्यायला निघालो.

मटियाबुर्जच्या दोन गोष्टींपैकी खरी कोणती, याचा निवाडा लेखी पुराव्याने होत नाही. नवाब येण्यापूर्वीच कितीतरी वर्षे बंगालमध्ये इंग्रजांनी बटाट्याची लागवड सुरू करून दिली होती, हेही विसरता येत नाही. पण समजा नवाबाला आलू चवीसाठीच आवडला. त्याने १९७२ ची आमची परात बदलत नाही. आमच्या घरात आलू चवीसाठी नव्हता. अर्धा किलो खिम्यात सतरा माणसे जेवावीत म्हणून होता. तो टंचाईचाच आलू होता आणि त्यात लपवण्यासारखे काही नव्हते, एवढेच अम्मीला त्या रात्री कोणी सांगितले नाही.

गरिबाचे खाणे म्हणून बटाट्याला नाक मुरडण्याची रीत फक्त आपली नाही. युरोपातही पुष्कळ काळ तो जनावरांचे आणि गरिबांचे खाणे समजला जाई. पार्मांतिए हा फ्रेंच औषधशास्त्रज्ञ सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत होता. तिथे त्याला बटाट्यावर दिवस काढावे लागले, आणि सुटून आल्यावर त्याने आयुष्यभर फ्रान्समध्ये बटाट्याचा प्रचार केला. आज तिथे खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भट्टीत भाजलेल्या पदार्थाला त्याचेच नाव आहे. आयर्लंडमध्ये गरीब कुळे जवळजवळ बटाट्यावरच जगत. १८४५ पासून पिकावर रोग पडला आणि काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व साथीने मेली. त्याच काळात तिथून धान्य आणि जनावरे बाहेर देशी विकली जात होती. बटाटा गरिबांचा सोबती खरा, पण गरिबी बटाट्याने आणलेली नव्हती.

आपल्याकडे तर या परक्या कंदाने जी जागा मिळवली ती पाहून आश्चर्य वाटते. एकादशीच्या उपवासाला गहू-तांदूळ चालत नाहीत, बटाटा चालतो. रोजा सोडताना समोशात आणि पॅटिसमध्ये तोच असतो. नाशकात पावाच्या आत बटाट्याची भाजी भरून अख्खा पाव बेसनात बुडवून तळतात, त्या उलट्या वडापावापुढे सगळ्या जातिधर्मांची रांग लागते. आमच्या बासी ईदला अब्बांचे शेजारी दुकानदार सहकुटुंब यायचे. ते गोश्त खात नसत. त्यांच्यासाठी अम्मी वेगळी कढई, वेगळे तेल ठेवून फक्त आलूच्या टिक्क्या तळायची आणि त्या ताटाची तिला कधी लाज वाटली नाही. त्याच आलूची फूफूंसमोर वाटली. म्हणजे लाज आलूची नव्हतीच.

अलीकडच्या काळात आलूचे प्रमाण आपल्या घरांतून पुन्हा वाढले आहे. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी आली, म्हशीचे मांस तेवढे वगळले गेले. मटण ज्यांना रोज परवडत नाही अशा माझ्या माहितीतल्या कितीतरी घरांत खिम्याच्या हंडीत आलूचे तुकडे वाढले. पुढे २०२० ची रमजान ईद टाळेबंदीत, २५ मे रोजी आली. शहाजहानी ईदगाह मैदान त्या सकाळी रिकामे होते, नमाज घराघरांत झाली. त्या ईदला आमच्याकडे घरात साठवलेले आलू-कांदे होते, आणि सुनेने त्याचेच कबाब केले. पाहुणे येणार नव्हते, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. आपण पाहुण्यांसाठी किती खोटे जगतो, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

शेवटी मागच्या बासी ईदला सुनेच्या मनासारखे झाले. वाचकांपैकी कुणाला करावेसे वाटेल म्हणून ते प्रकार लिहून ठेवतो. आलू निवडताना जुना, कोरडा, पिठूळ घ्यावा. नवा आलू चिकट असतो, तो रश्श्याला चांगला. शीतगृहातून नुकताच आलेला आलू गोड लागतो, कारण थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते. तो चार-आठ दिवस घरात मोकळा पसरून ठेवला तर बरा. सालासकट उकडावा, सोलून पसरावा म्हणजे वाफ जाते, आणि गरम असतानाच हाताने कुस्करावा. मिक्सरमध्ये घालू नये. पात्याने त्यातले पीठ मोकळे होऊन त्याची खळ होते. कुस्करायचा गरम, थापायचा गार, ही अम्मीची शिकवण.

पहिला प्रकार नानीचा भर्ता, निखाऱ्याऐवजी गॅसवर जाळी ठेवून भाजलेला. दुसरा पणजोबांचा साहेब का भर्ता: गरम दूध, लोणी, मीठ, मिरेपूड, त्यात सुनेने तुपात तळलेला लसूण घातला. तिसरा आमच्या शेजारच्या कोकणी कुटुंबाकडून शिकलेला: आलूच्या पारीत ओले खोबरे, कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीचे सारण भरून तव्यावर भाजलेल्या टिक्क्या. चौथा प्रकार खिम्यावर भर्त्याचा थर देऊन भट्टीत लाल केलेला. सुनेला तो टीव्हीवर दिसला होता. पार्मांतिए तिला ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. पाचवा आलूचा हलवा: तुपात मंद आचेवर भर्ता बदामी होईपर्यंत परतायचा, मग खवा, साखर, वेलची. आणि सहावे अम्मीचे कबाब. अर्धा किलो खिम्याला दोन किलो आलू, आले-लसूण, पुदिना. प्रमाण मी आठवून सांगितले.

रात्री दस्तरखानावर बावीस माणसे होती. फूफू आता नाहीत, त्यांची मुले-नातवंडे होती. मोठी आपा मालेगावहून आली होती. कबाबाची परात फिरू लागली तेव्हा कुणीतरी विचारले, "कायके हैं?" मी तोंड उघडण्यापूर्वीच सूनबाई म्हणाली, "आलू के. खीमा थोडाच है." कोणी थांबले नाही, कोणी विषय बदलला नाही. परात पुढे सरकत राहिली. माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि स्वतःच्या ताटात एक घेतला.

आपाने एक खाल्ला, दुसरा उचलला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "अम्मी के में नमक इससे थोडा कम रहता था."